दोन यंत्रांमधली तार

गोवळकोंड्याचा किल्ला पाहावयास आलेल्या पाहुण्याला वाटाड्या प्रथम फतेह दरवाजाच्या घुमटाखाली उभे करतो आणि टाळी वाजवितो. ती टाळी तेथून सुमारे एक किलोमीटरवर, टेकडीच्या माथ्यावरील बालाहिसारात उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येते. दाराशी कोणी आले याची वर्दी वर पोहोचावी म्हणून कुतुबशाही काळातील स्थपतींनी ही योजना केली, असे सांगतात. घुमटाच्या अंतर्गोल पृष्ठावरून ध्वनी परावर्तित होतो, विखुरण्याऐवजी एकवटतो व वाटेला लागतो. मध्ये तार नाही, माणूस नाही, आरसा नाही. केवळ हवा आणि दगड.

परंतु सन १६८७ मध्ये, औरंगजेबाचा वेढा आठ महिने पडून राहिल्यावर, हा किल्ला पडला तो तोफांनी नव्हे. अब्दुल्ला खान पनी नावाच्या सरदाराने लाच घेऊन सप्टेंबरातील एका रात्री आतून दार उघडून दिले आणि मोगलांचे सैन्य आत शिरले. वर्दीची वाट शाबूत होती. वर्दी देणारेच फितूर झाले होते.

ही जुनी हकीकत येथे आठवण्याचे कारण असे की, त्याच हैदराबाद शहराच्या दुसऱ्या टोकाला, चेर्लापल्लीच्या बाजूस, वर्दीच्या वाटेचा हाच प्रश्न विसाव्या शतकात निराळ्या वेषात पुन्हा उभा राहिला. तेथे घुमट नव्हता. तेथे तांब्याच्या तारा होत्या, आणि त्यांच्या दोन टोकांना दोन यंत्रे होती.

संगणक हे एक यंत्र नव्हे. ते यंत्रांचे एकत्र कुटुंब होय. गणित करणारा भाग वेगळा, स्मृती सांभाळणारा वेगळा, बाहेरून मजकूर आत घेणारा वेगळा आणि उत्तर छापणारा वेगळा. मधल्या भागाला मेंदू म्हटले, तर बाकीचे हातपाय, डोळे आणि कान होत. ह्या सर्वांना जोडणारा जो तारांचा जुडगा असतो, त्याला यंत्रशास्त्रात ‘बस’ असे नाव आहे. हा शब्द रस्त्यावर धावणाऱ्या मोटारगाडीचाच. ‘ऑम्निबस’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘सर्वांसाठी’. त्याचे शेपूट तेवढे इंग्रजीत उरले. हैदराबादेत निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ साली २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली तेव्हा जो अर्थ होता, तोच येथे लागू पडतो : ठरलेला एक मार्ग, ठरलेले थांबे, आणि ज्याला जेथे उतरावयाचे तेथे त्याने उतरावे. संगणकाच्या बसमधून उतारूंच्या जागी आकडे जातात, एवढाच फरक.

संगणकाचा बिघाड म्हटला की सामान्य माणसाची नजर मेंदूकडे जाते. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराची नजर प्रथम जोडणीकडे जाते. मेंदूच्या आतील भाग एकदा घडला की बंदिस्त असतो; त्याला हवा लागत नाही, हात लागत नाही. जोडणी मात्र उघडी असते. तेथे धातूला धातू नुसता टेकलेला असतो. त्या टेकण्याच्या जागी धूळ बसते, दमट हवेने गंज धरतो, यंत्र दिवसा तापते व रात्री निवते तसे सुटे भाग आपल्या खोबणीतून केसाकेसाने वर सरकतात. ज्या शहरात उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या पुढे जातो, तेथे ही गोष्ट पुस्तकी राहत नाही.

दुसरे एक कारण गोवळकोंड्याच्या घुमटाशी थेट नाते सांगणारे आहे. तारेतून निघालेला विजेचा ठोका तारेच्या शेवटाला पोहोचल्यावर, तेथे त्याला सामावून घेणारे काही नसेल, तर भिंतीवर आदळलेल्या हाकेप्रमाणे मागे फिरतो. मागाहून येणाऱ्या ठोक्यात तो मिसळतो, आणि ऐकणाऱ्या यंत्राला एकाच्या ठिकाणी दोन आवाज ऐकू येतात. म्हणून लांब तारांच्या टोकाला मोजून-मापून विद्युतरोध बसवावा लागतो. किल्ल्यात जो प्रतिध्वनी कामाचा होता, तो येथे वैरी ठरतो. तारेतून वीज एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात अदमासे वीस सेंटिमीटर जाते. ठोके सावकाश पडत होते तोवर हा प्रतिध्वनी कोणाच्या ध्यानातही येत नसे. ठोक्यांचा वेग वाढत गेला तसा वीतभर तारेचाही प्रतिध्वनी जाचू लागला.

भारतात ह्या विद्येचा आरंभ मुंबईस झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत र. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका तुकडीने संगणक बांधावयास घेतला. तो १९६० साली पूर्णपणे कामास लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. पुढे तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रात ‘टीडीसी-१२’ हा बारा बिटांचा संगणक १९६९ साली तयार झाला. ‘ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर’ ह्या शब्दांची ती आद्याक्षरे होत. मात्र असे एक यंत्र प्रयोगशाळेत बांधणे वेगळे आणि त्याची दहा भावंडे कारखान्यात घडवून दहा गावी चालती ठेवणे वेगळे. हे दुसरे काम हैदराबादेकडे आले. तेथे ११ एप्रिल १९६७ रोजी अणुशक्ती खात्याने ‘इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ ही कंपनी स्थापन केली होती. लोकांच्या तोंडी तिचे नाव ‘ईसीआयएल’ असे झाले आणि तिच्याजवळच्या चौरस्त्यालाही तेच नाव पडले. तिचे संस्थापक अय्यागारी सांबशिव राव हे भाभांच्या हाताखाली मुंबईस काम करून आलेले. कामगारांच्या वस्तीला आज ए. एस. राव नगर म्हणतात ते त्यांच्याच नावावरून. टीडीसी-१२ च्या पाठोपाठ ह्या कारखान्यातून टीडीसी-३१२ व सोळा बिटांचा टीडीसी-३१६ असे संगणक बाहेर पडले.

त्या काळच्या अशा संगणकांना कागदी फीत वाचणारे यंत्र व टंकमुद्रक जोडलेले असत. ही जोडयंत्रे खटखट वाजणारी, तेल मागणारी, झिजणारी. मेंदू विजेचा आणि हातपाय लोखंडाचे, अशी ती विजोड सोयरीक होती. ग्राहक विद्यापीठ असो वा प्रयोगशाळा, त्याची तक्रार बहुधा एकाच स्वरूपाची असावयाची : उत्तर चुकते. आता उत्तर चुकते म्हणजे फीत वाचणाऱ्याने चुकीचे वाचले, की तारेने चुकीचे नेले, की मेंदूने चुकीचे मोजले, की मुद्रकाने चुकीचे छापले? चौघांपैकी कोणीही आपण होऊन कबुली देत नाही.

कबुली देणारे यंत्र ही कल्पना परदेशी यंत्रांतून भारतीय तंत्रज्ञांच्या हाताशी आली होती. आयबीएम कंपनीचा ‘१४०१’ हा संगणक १९५९ साली जाहीर झाला, आणि साठीच्या दशकात भारतातल्या अनेक कचेऱ्यांत येऊन बसला. ह्या यंत्रात प्रत्येक अक्षरासाठी सहा बिटे असत, शब्दाची हद्द दाखविणारे एक बीट असे, आणि त्याखेरीज एक जादा बीट केवळ पहारेकरी म्हणून ठेवलेले असे. नियम इतकाच की, सर्व बिटांतील ‘एक’ ह्या अंकांची संख्या नेहमी विषम राहावी. सम झाली की समजावे, वाटेत काहीतरी पडले किंवा चिकटले. यंत्र तत्काळ थांबे व दिवा लागे. कार्ड वाचणारे जोडयंत्र याहूनही संशयी होते. मिनिटास ८०० कार्डांपर्यंत त्याचा वेग. परंतु प्रत्येक कार्ड ते दोन वेळा तपासत असे. पहिल्या ठिकाणी तारेचे ब्रश भोके मोजत, दुसऱ्या ठिकाणी ती वाचत, आणि दोन्ही हिशेब जुळले नाहीत तर कार्ड पुढे सरकत नसे. कारकुनाने बेरीज वरून खाली करावी आणि मग खालून वर करावी, तशातलाच हा प्रकार.

ही यंत्रे बहुतांशी भाड्याने दिलेली होती आणि त्यांची देखभाल कंपनीचीच माणसे करीत. परकीय चलन नियमन कायदा १९७३ साली झाला. त्यान्वये परदेशी कंपन्यांनी भारतातील आपली भागीदारी चाळीस टक्क्यांवर आणावी असा आग्रह सरकारने धरला. आयबीएमने ते मान्य केले नाही आणि १९७८ साली ती कंपनी भारतातून निघून गेली. राजकारणाच्या बाजूने ह्या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातील बराचसा भाग निशाणे फडकविण्यात खर्च झाला आहे. मागे राहिलेल्या यंत्रांचे काय झाले, हा प्रश्न त्या मानाने कमी जणांना पडला. एखाद्या विमा कचेरीत किंवा रेल्वेच्या हिशेबखात्यात सकाळी दिवा लागला, यंत्र थांबले, तर आता बोलवावयाचे कोणाला?

ह्यासाठी सरकारने २६ डिसेंबर १९७५ रोजीच एक कंपनी काढून ठेवली होती. तिचे नाव ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’. नावातच देखभाल होती. आयबीएमची आठशेहून अधिक ठिकाणची यंत्रे १९७८ मध्ये तिच्या हवाली झाली. ही कंपनी पुढे ‘सीएमसी’ ह्या संक्षिप्त नावाने ओळखली गेली आणि हैदराबाद हे तिचे मोठे केंद्र झाले. २००१ साली टाटांनी ती घेतली, २०१५ साली ती टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली. रेल्वेची आरक्षणपद्धती उभारणारी संस्था म्हणून तिचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु तिचे पहिले शिक्षण दुसऱ्याने बांधलेल्या, जुन्या झालेल्या यंत्रांचा दोष हुडकण्यात झाले, ही गोष्ट अधिक मोलाची वाटते. नवे यंत्र बांधणाऱ्याला त्याचे यंत्र कसे चालावे हे ठाऊक असते. दुरुस्ती करणाऱ्याला ते कसे चालत नाही हे ठाऊक असावे लागते.

ह्या शोधाची रीत साधी आहे, पण तिला चिकाटी लागते. १४०१ मध्ये तळहाताएवढ्या हजारो सुट्या पट्ट्या खोबणीत खोवलेल्या असत. संशयित पट्टी काढावयाची, तिच्याजागी तशीच चांगली पट्टी घालावयाची आणि संशयित पट्टी दुसऱ्या खोबणीत बसवून पाहावयाची. दोष पट्टीबरोबर हलला तर पट्टी दोषी. दोष जागेवरच राहिला तर खोबण दोषी, किंवा तिच्यामागची तार. आणि नुसते काढून घातल्यानेच दोष नाहीसा झाला, तर? नवशिका कारागीर येथे आनंदाने हात पुसतो. मुरलेला कारागीर येथेच अस्वस्थ होतो. कारण दोष गेलेला नसतो, लपलेला असतो. टेकण्याच्या जागची घाण घर्षणाने तेवढी निघाली. चार महिन्यांनी ती पुन्हा साचेल.

चूक ओळखण्याची विद्या मात्र एका विषम-सम पहारेकऱ्यावर थांबली नाही. त्या पहारेकऱ्याचा दुबळेपणा उघड आहे. एका अक्षरात एक बीट चुकले तर तो ओरडतो. दोन चुकली तर विषमाचे विषमच राहते आणि तो स्वस्थ झोपतो. शाळेतील ‘नवांची कसोटी’ ज्यांना आठवते त्यांना हे लगेच उमजेल. ३४७ गुणिले २६ बरोबर ९०२२. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज १४, तिची ५, दुसरीची ८, ५ आठे ४०, त्याचे ४. उत्तराच्या अंकांची बेरीज १३, म्हणजे तीही ४. जुळले. दहाव्या शतकातल्या दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्त’ ग्रंथात ही कसोटी आढळते. परंतु घाईत कोणी ९०२२ ऐवजी ९२०२ लिहिले तर कसोटी तेही मान्य करते, कारण अंकांची जागा बदलली तरी बेरीज तीच राहते. कसोटी जे विचारते तेवढ्याचेच उत्तर तिला मिळते.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती होते. त्यांची लांबलचक गणिते शनिवारी-रविवारी, माणूस जवळ नसताना, यंत्रावर लावून ठेवलेली असत. यंत्राला चूक आढळली की ते हॅमिंग यांचे गणित सोडून दुसऱ्याचे हाती घेई. सोमवारी येऊन पाहावे तो काहीच झालेले नाही. असे लागोपाठ दोन आठवडे घडले तेव्हा त्यांच्या मनात आले की, ज्या यंत्राला चूक झाली हे कळते, त्याला ती कोठे झाली हे का कळू नये आणि ती त्याने स्वतःच का सुधारू नये? त्या वैतागातून निघालेला त्यांचा लेख १९५० साली प्रसिद्ध झाला. पुढे १९६१ मध्ये वेस्ली पीटरसन यांनी मांडलेली पद्धत तर भागाकाराची आहे. पाठवावयाचा सारा मजकूर ही एक अवाढव्य संख्या मानावयाची, तिला ठरलेल्या भाजकाने भागावयाचे आणि उरलेली बाकी मजकुराच्या शेपटाला जोडून पाठवावयाची. पलीकडच्या यंत्राने तोच भागाकार करावा. बाकी जुळली नाही तर वाटेत घात झाला. हा भाजक असा निवडलेला असतो की अंकांची अदलाबदलही त्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

बसची रचनाही दरम्यान पालटत गेली. प्रत्येक जोडयंत्राला स्वतंत्र तारा काढण्याऐवजी सर्वांनी एकाच जुडग्याला लोंबावे, ही पद्धत सत्तरीत रुळली. नव्वदीत घरोघरचे संगणक आले आणि १९९२ साली इंटेल कंपनीने ‘पीसीआय’ ह्या नावाची बस पुढे आणली. बत्तीस तारांवरून बत्तीस बिटे एकदम, खांद्याला खांदा लावून धावत. विषम-सम पहारेकरी तेथेही होता. पण वेग वाढला तशी ह्या बत्तीस धावपटूंना एकाच क्षणी पोहोचणे जमेना. कोणी पुढे, कोणी मागे. तेव्हा २००३ च्या सुमारास ‘पीसीआय एक्स्प्रेस’ आली. तिने रांग मोडली. एकेका तारजोडीवरून एकामागून एक बिटे, परंतु अतोनात वेगाने. ह्या रचनेच्या शिल्पकारांत अजय भट्ट ह्यांचे नाव घेतले जाते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे ते पदवीधर. घरोघर परिचित असलेल्या यूएसबी जोडणीमागेही त्यांचाच हात आहे.

पीसीआय एक्स्प्रेसचा मूळ वेग एका वाटेवर सेकंदाला अडीचशे कोटी बिटे इतका होता. नंतरच्या आवृत्त्यांत तो कितीतरी पटींनी वाढला. मूळ नियमात चुकीचीही मर्यादा बांधून दिली होती : एक लक्ष कोटी बिटांमागे एकाहून अधिक चूक होऊ नये. ऐकावयास हे प्रमाण नगण्य वाटते. परंतु भागाकार करून पाहिला म्हणजे दिसते की, एका वाटेवर एक लक्ष कोटी बिटे जावयास चारशे सेकंद पुरतात. सोळा वाटा असतील तर पंचवीस. नियमानुसार निर्दोष असलेली जोडणीही, मर्यादेच्या काठावर असेल तर, दर पंचवीस सेकंदांना एकदा चुकू शकते. आणि तरीही संगणकापुढे बसलेल्या माणसाला त्याची गंधवार्ता नसते. ते का?

कारण ह्या बसवर प्रत्येक टपाल नोंदणीकृत आहे. प्रत्येक पुडक्यावर अनुक्रमांक असतो आणि शेपटाला भागाकाराची बाकी. घेणारे यंत्र बाकी पडताळते. जुळली तर पोच देते. न जुळली तर ‘पुन्हा पाठवा’ म्हणते. पाठविणाऱ्याने प्रत्येक पुडक्याची नक्कल पोच येईपर्यंत जपून ठेवलेली असते. ती तो पुन्हा धाडतो. चार वेळा धाडूनही भागले नाही तर दोन्ही यंत्रे थांबतात, वाटेचे पहिल्यापासून जुळणीकाम करतात आणि मग पुढे जातात. हे सारे इतक्या झटपट होते की डोळ्याची पापणी लवत नाही. हॅमिंग यांचा सोमवार आता कोणाच्या वाट्याला येत नाही.

अडचण नेमकी ह्या सुखात आहे. १४०१ थांबत असे. त्यामुळे लोक चिडत, पण दोष त्याच दिवशी हुडकला जाई. एक्स्प्रेस थांबत नाही. खोबणीत नीट न बसलेले कार्ड, हलक्या प्रतीची जादा केबल, सैल पडलेला स्क्रू, टोकाच्या सोनेरी पट्ट्यांवर बोटांचा चिकटा, ह्यांपैकी काहीही असले तरी काम चालूच राहते. फक्त पुनःपुन्हा धाडण्यात वेळ जातो. फार झाले तर यंत्रे आपसांत ठरवून वेग उतरवितात, किंवा सोळा वाटांपैकी आठच वापरतात, आणि तेही मुकाट्याने. जाणता तंत्रज्ञ म्हणून सर्वांत आधी हेच पडताळतो की, ह्या जोडणीची कुवत किती वाटांची व किती वेगाची होती आणि प्रत्यक्षात ती कितीवर धावते आहे.

रचनाकारांनी ह्यावर उपाय केलेला आहे. प्रत्येक सुधारलेली चूकदेखील यंत्राने आपल्या वहीत टिपून ठेवावी आणि मागितल्यास वर कळवावी, अशी तरतूद आहे. चुका तीन प्रतींच्या : सुधारलेली, न सुधारलेली परंतु त्या एका कामापुरती, आणि जोडणीच तुटली असे सांगणारी. ही वही वाचताना नवख्या माणसाची हमखास फसगत होते. वहीत ज्या यंत्राचे नाव दिसते त्यालाच तो दोषी धरतो, आणि चांगले महागडे कार्ड बदलून टाकतो. वस्तुतः ‘पुडके खराब आले’ ही नोंद करणारे यंत्र घेणारे असते. तक्रार त्याने केली; अपराध पाठविणाऱ्याचा असेल, वा मधल्या तारेचा. ‘पोच आली नाही, पुन्हा पुन्हा पाठवावे लागले’ ही नोंद असेल तर ती पाठविणाऱ्याची. म्हणजे दोन्ही टोकांच्या वह्या शेजारी ठेवून वाचल्याखेरीज निकाल देता येत नाही. त्यानंतर पुन्हा तीच जुनी रीत : कार्ड काढावे, पुसावे, नीट बसवावे, दुसऱ्या खोबणीत घालून पाहावे, वेग मुद्दाम एक पायरी खाली उतरवून पाहावा, वीज वाचविण्यासाठी जोडणी अधूनमधून झोपी जाते, ती झोप बंद करून पाहावी. आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

परंतु वह्या भरभर भरू लागल्या की माणसाला त्यांचा कंटाळा येतो. लिनक्स ह्या कार्यप्रणालीत यंत्र सुरू करताना एक लहानशी आज्ञा देण्याची सोय आहे. ती दिली की चुकांची वर्दीच बंद होते. काही जुन्या यंत्रांवर तिचा उपयोग रास्त असतो, कारण तेथे वर्दी देणाऱ्या भागातच खोट असते. पण पुष्कळ ठिकाणी ती केवळ कटकट नको म्हणून वापरली जाते, आणि चुका थांबल्या असे समजून लोक निर्धास्त होतात. गोवळकोंड्याच्या दारावरील माणसाने टाळी वाजविली नाही, म्हणून शत्रू आला नव्हता असे झाले नाही.

हैदराबादच्या त्याच ईसीआयएलने बांधलेले एक यंत्र मात्र ह्या बाबतीत १४०१ च्या कुळातले आहे, आणि ते खेड्यापाड्यांतील शिक्षकांच्याही ओळखीचे आहे. ते म्हणजे मतदानयंत्र. निवडणूक आयोगाच्या सांगण्यावरून ह्या यंत्राची कल्पना ईसीआयएलने १९७७ पासून हाती घेतली. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही दुसरी कंपनीही त्यात होती, आणि यंत्राला बाह्य रूप मुंबईच्या आयआयटीतील अभिकल्प केंद्राच्या प्राध्यापकांनी दिले. केरळातील परवूर येथे १९८२ साली ते प्रथम वापरले गेले. कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो वापर रद्द ठरविला. कायदा दुरुस्त झाला, आणि २००४ पासून लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत ते आले. त्याच्या हेतूंविषयी व विश्वासार्हतेविषयी वाद झाले आणि न्यायालयांपर्यंत गेले. तो निराळा विषय. येथे लक्ष त्याच्या तारेकडे द्यावयाचे आहे.

ह्या यंत्राचे मूळ भाग दोन : अधिकाऱ्याच्या मेजावरील नियंत्रण-संच आणि पडद्याआडचा मतदान-संच. दोहोंमध्ये पाच मीटर लांबीची केबल. उमेदवार सोळांहून अधिक झाले तर मतदान-संच एकाला एक जोडावे लागतात आणि प्रत्येकावरील सरकता खटका त्याच्या क्रमांकावर आणावा लागतो. केबल सैल असली किंवा खटका चुकीच्या जागी असला, तर नियंत्रण-संचाच्या पडद्यावर जोडणी चुकल्याची खूण उमटते, ‘लिंक एरर’. आणि यंत्र पुढे जात नाही. ते वेग उतरवून भागवून घेत नाही, पुन्हा पुन्हा पाठवून पाहत नाही. रांग खोळंबली तरी चालेल, पण संशयित तारेवरून मत जाऊ नये, असा तो निवाडा आहे. छपाईयंत्रात ओळ पुन्हा छापता येते. मताला दुसरी प्रत नसते, आणि ते कोणी दिले हे विचारावयाचीही मनाई.

२०१३ पासून ह्या कुटुंबात तिसरे यंत्र आले, मताची चिठ्ठी दाखविणारे. जोडणी वाढली तशा बिघाडाच्या जागाही वाढल्या. विदर्भातील भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत २८ मे २०१८ रोजी ही चिठ्ठीयंत्रे ठिकठिकाणी बंद पडली, आणि ३० मे रोजी ४९ केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावे लागले. उन्हामुळे यंत्रे बिघडली अशी त्या वेळी बोलवा होती; आयोगाचे स्पष्टीकरण असे होते की, चिठ्ठीयंत्राच्या आतील संवेदकांवर प्रखर उजेड पडल्याने ते चुकले. म्हणजे दोष मोजणाऱ्या यंत्रात नव्हता. जोडयंत्राच्या डोळ्यात होता.

मतदानाच्या दिवशी पहाटे, खरे मतदान सुरू होण्यापूर्वी, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मते टाकून यंत्राची परीक्षा घेतली जाते. त्याआधी केंद्राध्यक्ष, आणि तो बहुधा कोठल्या तरी शाळेतील शिक्षक असतो, नियंत्रण-संचाचा खटका बंद आहे हे पाहतो. चालू यंत्राला केबल जोडावयाची नाही किंवा काढावयाची नाही, असा नियम आहे. मग तो केबलीचे टोक हातात घेतो. ते एकाच बाजूने बसते. बळ लावले तर पिना वाकतात. ‘लिंक एरर’ दिसली तर यंत्र बंद करून टोक काढतो, पिना न्याहाळतो, खटक्याचा क्रमांक पाहतो आणि पुन्हा बसवितो. परीक्षेच्या वेळी दोष राहिलाच, तर जो संच बिघडला असेल तेवढाच बदलतात. प्रत्यक्ष मतदान सुरू झाल्यावर नियंत्रण-संच किंवा मतदान-संच बिघडला, तर मात्र तिन्ही यंत्रे एकदम बदलतात.